कर्नाळ्याच्या फाटकाशी

ओवे गावचा बळीराम घरत हवालदार होऊन फौजेतून घरी परतला, तेव्हा गावाने त्याची वाजतगाजत मिरवणूक काढली होती. पुढे त्याच गावाने त्याला पोट धरधरून हसून घेतलं.

झालं ते पुतणीच्या हळदीला. डीजे चालू होता, बायका नवरीला हळद लावत होत्या, आणि मांडवामागे कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. पुढचं बळीरामला धड आठवत नव्हतं. भानावर आला तेव्हा तो जमिनीवर होता, त्याच्याखाली हळदीने माखलेली नवरी, तिचं मनगट मुरगळलेलं, आणि तो ओरडत होता, "डोकी खाली! डोकी खाली!" आधी सगळे घाबरले. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि मांडवच्या मांडव हसत सुटला. एकाने ते मोबाइलवर टिपलंही. आठवड्याभरात नाक्यावरची पोरं त्याला बघून "डोकी खाली!" करू लागली.

बळीरामने नाका सोडला, मग देऊळ सोडलं. घरात दाराकडे तोंड करून बसायचा. कुकरची शिट्टी झाली की दचकून उभा राहायचा. त्याची बायको वेणू शिट्टीच्या आधीच गॅस बंद करायला लागली. ते त्याच्या लक्षात आलं आणि तो अधिकच खजील झाला.

शेवटी वेणूच पनवेलला मुबारकभाईंकडे गेली. ते बळीरामच्याच पलटणीतले. आता बाजारात हार्डवेअरचं दुकान चालवत. रविवारी ते आसपासच्या माजी सैनिकांना घेऊन डोंगर चढायचे, कधी कर्नाळा, कधी प्रबळगड. सोबत डॉक्टर पद्मजा असायच्या. जो बोलेल त्याच्याशी त्या बोलत, जो गप्प राहील त्याच्याबरोबर गप्प चालत.

"मनाच्या डाक्टर हायेत त्या!" बळीराम बायकोवर उखडला. "नवरा येडा झाला म्हनून पनवेलभर सांगून आलीस?"

"येडं नाय म्हनलं मी. झोप नाय म्हनलं," वेणू म्हणाली. "तुमच्यापायी माझी पन गेलीय."

रविवारी पहाटे त्याने बूट चढवले. तो गेला. गावात मात्र सांगितलं, कॉलेजच्या पोरांना डोंगर चढायला शिकवायला चाललोय.

कर्नाळ्याच्या अभयारण्याच्या फाटकाशी सगळे जमले. त्यांत उरणच्या मोरा बंदरावरचा भगवान कोळी सर्वांत तरुण. तो फौजेत ड्रायव्हर होता. सुरुंगावर गाडी उडाली आणि गाडीतला तो एकटाच वाचला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच आला होता. मुबारकभाई तिकिटं काढत होते, तेवढ्यात हायवेवर एका ट्रकचा टायर फुटला. भगवान क्षणात रस्त्याकडेच्या गटारात आडवा झाला, दोन्ही हात डोक्यावर.

 बळीरामनेही फाटकाचा गज इतका आवळला होता की तळहातावर वळ उठला. पण ते कुणी पाहिलं नाही, सगळे भगवानकडे बघत होते. बरं झालं, मी नाही, असं बळीरामच्या मनात आलं आणि तो मोठ्याने हसला.

"काय रं, टायरला भ्यालास? अशीच नोकरी केलीस काय?"

दुसरं कुणी हसलं नाही. भगवान उठला, कपड्यांवरचा चिखल निपटून काढला आणि मान खाली घालून चालू लागला.

चढण सुरू झाली तसं ते हसणं बळीरामच्या कानांत फिरू लागलं. मांडवात ऐकलेलं, अगदी तेच. आता ते त्याच्याच घशातून आलं होतं. वाटेवरच्या कर्णाई देवीच्या देवळाशी त्याने भगवानपुढे पाण्याची बाटली धरली.

"नको, हवालदारसाहेब," भगवान म्हणाला. शिवी दिली असती तर बळीरामला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी भगवान आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मुबारकभाई बळीरामवर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याच्या आईने माझ्यासमोर पदर पसरला, तेव्हा कुठे आला होता तो. आता फोन उचलत नाही. तुझी माफी मी पोचवू का?"

"नको, भाई. माझा मी जातो."

एसटीने उरण गाठून बळीराम मोरा बंदरावर पोचला. ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत भगवान जाळं विणत बसला होता. बळीरामने उभ्या उभ्याच हळदीची सगळी हकीकत सांगितली. सांगताना त्याची नजर भगवानच्या पायांवरून वर गेली नाही.

"मंजी तुमाला ठावं व्हतं," भगवान म्हणाला.

"काय?"

"कसं वाटतं ते. ठावं असून हसलात."

हे बळीरामने स्वतःशीही इतकं उघड म्हटलं नव्हतं. "व्हय," तो कसाबसा म्हणाला. "तू पडलास, मी वाचलो, असं वाटलं."

भगवानने पुन्हा जाळ्यात मान घातली. "आय चा करील. पिऊन जावा."

भगवानच्या आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. पोराचा फौजेतला माणूस एवढ्या लांबून आला म्हणून ती हरखून गेली होती. "यात जावा, दादा. कोनी येत नाय वो त्याच्याकडं," म्हणत तिने सुकवलेल्या कोळंबीची, सोड्यांची पुडी त्याच्या हातात कोंबली. मीच तो हसणारा, हे शब्द बळीरामच्या ओठांवर आले आणि तिचा चेहरा बघून परत गेले. एसटीत ती पुडी मांडीवर घेऊन तो चोरासारखा बसला.

थंडी सरता सरता एका रविवारी भगवान पुन्हा आला. बळीरामकडे न बघता पुढे निघून गेला. बळीराम सर्वांच्या मागे राहिला. डॉक्टर पद्मजा त्याच्यासाठी थांबल्या.

"पाय दुखतोय का?"

"नाय, म्याडम. लाज वाटते."

एवढ्या दिवसांत तो त्यांच्याशी खरं बोलला ते हे पहिलंच. लाज जाईल, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. "कशाची?" त्यांनी विचारलं, आणि तो सांगत चालू लागला.

गडाखालच्या अवघड टप्प्यावर भगवान वर उभा राहून एकेकाला हात देत होता. बळीरामची पाळी आली. भगवान जरासा थांबला. मग त्याने हात खाली केला, बळीरामला वर ओढून घेतलं आणि लगेच सोडून दिलं.  बळीरामनेही त्याहून जास्त काही मागितलं नाही.