चार्जिंगला लावलेली गाडी

...आणि तो बारीक हिरवा दिवा, प्लगच्या वरचा, मिचमिचत होता, थांबत होता, पुन्हा मिचमिचत होता. आणि हालवर सोला गावच्या हेलिकॉप्टरतळाबाहेर, नोव्हेंबरच्या आडव्या पावसात, बॅग खांद्याला लावून त्याच्याकडे नुसता बघत उभा होता. दोन आठवडे समुद्रातल्या तेलाच्या रिगवर, मग चार आठवडे घरी—तेवीस वर्षं हेच चाललं होतं, पण निघताना असं पाय अडल्यासारखं कधी झालं नव्हतं.

ही विजेवरची गाडी इल्वासाठी घेतली, असं तो स्वतःला सांगत असे. लेकीनं मागितलं होतं ते वेगळंच. रिग सोड, बाबा, नाहीतर नाताळला मी घरी येणार नाही. बंदरावर क्रेन दुरुस्तीच्या नोकरीचं पत्रही आलं होतं, होकार आज बारापर्यंत कळवायचा होता. आणि त्यानं काय केलं, तर गाडी बदलली. इल्वा बर्गनहून आली, गाडीभोवती एक फेरी मारली, दुसऱ्याच्या कुत्र्याला थोपटावं तसा बॉनेटवर हात ठेवला.

"छान आहे. आता तेल काढायला स्वच्छ गाडीतून जाशील."

ती हसली नाही. तो मात्र हसला होता... मूर्खासारखा.

जुनी डिझेल शेजारच्या रेइदारनं घेतली. रोज सकाळी ती खिडकीखालून जाते, तोच खोकला, तोच धूर. म्हणजे मी केलं काय—धूर माझ्या दारातून त्याच्या दारात नेऊन ठेवला? आणि एका पाळीत आम्ही जेवढं तेल वर काढतो तेवढं ही गाडी जन्मभरात तरी वाचवेल... पुढे त्याचं मन जात नसे. मी नाही गेलो तर दुसरा जाईल, हेही खरंच होतं. पण एकट्यादुकट्यानं काही फरकच पडत नसेल, तर त्या दिवशी निघताना इल्वा रडली कशाला?

आत त्याचं आणि बॅगेचं वजन झालं. केशरी बचाव-सूट गळ्यापर्यंत चढला. फोन बंद करून बॅगेत टाकायचे होते; पावणेबारा झाले होते.

"चार्जरवरच लावून आलास काय रे?" बाजूचा, त्याच्याच पाळीतला आर्नफिन म्हणाला. "दुपारी भरेल ती. मग पंधरा दिवस जागा अडवून बसेल. बाहेर एवढा मोठा बोर्ड लावलाय."

विसरलो, हालवर म्हणाला. ते खोटं होतं. बोर्ड त्यानं वाचला होता. आपण नसताना आपल्या नावानं काहीतरी चांगलं चालू राहावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं फोन उघडला, बंदराचं पत्र पाहिलं, इल्वाचं नाव पाहिलं... आणि फोन बंद केला.

हेलिकॉप्टर वर चढलं. खाली ओल्या गाड्यांच्या रांगा होत्या, त्यातली आपली कुठली ते कळेना. इल्वासाठी नाही—मला जाता यावं म्हणून घेतली मी ती. हे इतकं सरळ कळलं की त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण किनारा धुक्यात गेला तसं छातीवरचं ओझं उतरत गेलं, चक्क हायसं वाटू लागलं. आणि त्या हायसं वाटण्याचीच त्याला भीती वाटली.