पक्ष उरकेपर्यंत

शुक्रवारी दुपारी एक वाजता मेसेज आला, तेव्हा शेफाली हडपसरच्या फ्लॅटमध्ये एकटीच होती. दत्तक मुलासाठी चार वर्षं वाट पाहिल्यावर आज एका मुलीचा फोटो आला होता. अडीच वर्षांची, कपाळावर केस, फोटो काढणाऱ्यावर रागावलेली. अठ्ठेचाळीस तासांत होकाराचं बटण दाबायचं, नाहीतर मुलगी पुढच्या जोडप्याकडे.

अंगठा बटणापर्यंत गेला आणि थबकला. पितृपक्ष चालू होता. एरवी ही बाई ऑफिसात मुहूर्त बघणाऱ्यांची टर उडवायची. पण जिवापाड हवं ते हाताशी आलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. संध्याकाळी सासूबाई, बायडाबाई, देवळातून आल्यावर तिनं त्यांनाच विचारलं.

"पक्ष हाय गं," त्या म्हणाल्या. "रविवारी सर्वपित्रीला पान ठेवू. कावळा शिवला की मग कळव."

बाराला पान, एकला मुदत. जमण्यासारखं होतं. नवरा विश्वजीत "तुम्ही दोघी ठरवा" म्हणाला. महत्त्वाच्या वेळी तो नेहमी हेच म्हणतो.

मग दोन दिवस शेफाली खेळायच्या खोलीमागे लागली. ती तान्ह्या बाळासाठी लावलेली होती. पक्षात नवं काही घ्यायचं नाही, म्हणून घरातल्याच वस्तू धुंडाळल्या. पाळणा बाहेर काढला. चपलांचा रॅक धुऊन, उन्हात वाळवून पुस्तकांसाठी ठेवला. रिकाम्या पिठाच्या डब्यांत ठोकळे, टोपलीत भातुकली. मुलीला वाचता येत नाही म्हणून प्रत्येकावर चित्र चिकटवलं. मग स्वतः फरशीवर बसून, एवढ्याशा पोरीला काय काय दिसेल ते पाहिलं. कपाटाखाली जळमटं दिसली, तीही काढली. ती फार सुखात होती.

रविवारी विश्वजीत वडिलांच्या नावाचं पान घेऊन बाराव्या मजल्यावरच्या गच्चीत गेला. कावळा येईना. एकला पाच मिनिटं उरली तशी शेफालीचा धीर सुटला, तिनं बटण दाबलं. दत्तकाच्या साइटनं ओटीपी मागितला. तो जायचा विश्वजीतच्या मोबाइलवर, आणि पितरांपुढे हात जोडताना त्यानं मोबाइल सायलेंट केला होता. लिफ्टमध्ये कुणाचा तरी सोफा अडकलेला. ती तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून जिन्यानं वर धावली. त्याच्या मोबाइलवरचे आकडे टाकले, तेव्हा एक वाजून दोन मिनिटं झाली होती. मुदत संपली, असं स्क्रीनवर आलं. मुलगी गेली.

खाली आल्यावर ती बायडाबाईंवर किंचाळली, "तुमच्या त्या पक्षापायी झालं हे, आई!"

बायडाबाईंनी चित्रं लावलेल्या डब्यांकडे पाहिलं.

"मला इचारलंस म्हून सांगितलं, पोरी. म्या म्हातारी दुसरं काय सांगनार? शुक्रवारी घरात कोन बी नव्हतं, बटन तुझ्या हातात हुतं. तू मला इचारलंस कशाला?"