हावोद लासचा विस्तव

मी हावोद लास. वेल्समधल्या एका डोंगराच्या अंगावर, ओढ्याच्या वरच्या बाजूला बसलेले जुने दगडी घर. बोलायला सुरुवात तर केली आहे, पण आधीच सांगून ठेवतो, माझ्यावर पुरते विसंबू नका. इतकी वर्षे एकाच जागी उभे राहिले की माणसांचे चेहरे एकमेकांत मिसळतात. लोवरी कोणती आणि तिची सून मारगेद कोणती, यात माझा अजून घोळ होतो. दोघींच्या कमरेला तोच काळा एप्रन असायचा. निदान मला तरी तो एकच वाटतो.

गोंधळ माझ्या नावापासूनच आहे. हावोद म्हणजे उन्हाळ्यापुरते घर. थंडीचे थोरले घर खाली दरीत असायचे. मे महिना लागला की लोक गुरे घेऊन वर यायचे, लोणी काढायचे, चीज करायचे आणि पानगळ सुरू झाली की उतरून जायचे. इथेल नावाच्या माणसाने मला रचले ते तेवढ्यापुरतेच. मग एका वर्षी थंडी आली तरी तो उतरलाच नाही. का, ते मला आजतागायत कळलेले नाही. भावाशी बिनसले असे म्हणतात. बिनसले असेल तर ते खालच्या घरात बिनसले असणार; माझ्या कानावर काही आले नाही. मला एवढे आठवते की खालच्या घरातला विस्तव एका लोखंडी भांड्यात घेऊन तो चढण चढून आला, तो माझ्या चुलीत ओतला आणि बायकोला म्हणाला, "हा आता विझायचा नाही."

एवढेच वाक्य. पुढचा सगळा घोळ त्या वाक्याने केला.

त्या काळी माझ्या वरच्या टोकाला माणसे राहायची आणि खालच्या टोकाला गाई, मध्ये नुसती वाट. गाईला विस्तव दिसला नाही तर तिचे दूध पातळ होते, असे सगळे मानत. म्हणून गाईंची तोंडे चुलीकडे. त्या खरोखर विस्तवाकडे पाहत होत्या का? मला तर त्या कुठेच पाहत नसल्यासारख्या दिसत. पण दूध दाट होते, हे खरे. किंवा तसे सगळे म्हणत.

पुढे माझ्या छपराचे गवत जाऊन काळ्या पाटीचे दगड आले. गाई वेगळ्या गोठ्यात गेल्या आणि त्यांच्या जागी बैठकीची खोली झाली. त्या खोलीत पाळक आणि शवपेटी, या दोघांखेरीज कुणाला सहसा प्रवेश नसे. गाईंची जागा इतकी सोवळी कशी झाली, याचा मी अजून विचार करतो. खिडक्या पाडल्या, एक भिंत ढासळली ती नव्याने उभी राहिली. मग इथेलने रचलेला तो मीच का? फार विचार केला की मला भोवळ येते. घरातली माणसे मात्र निर्धास्त होती. ती म्हणत, "सगळं बदललं, विस्तव तोच आहे." ते ऐकून मलाही धीर यायचा.

विस्तव राखायची इथली रीत अशी. कोळशाचा चुरा आणि चिकणमाती पाण्यात कालवायची, पायांनी तुडवायची आणि गोळे वळायचे. ते दिवसभर जळतात. संध्याकाळी त्याच ओल्या लगद्याने विस्तव लिंपून टाकायचा आणि मधोमध सळईने एक भोक ठेवायचे, त्याला श्वास घ्यायला. सकाळी वरची खपली फोडली की आत लालबुंद. भोक मोठे झाले तर विस्तव जळून जातो, लहान झाले तर गुदमरतो. हे काम घरातल्या बाईचे. पुरुष इथेलचे नाव अभिमानाने घेत आणि झोपायला जात.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगताना मी चाचरतो. तो विस्तव विझला होता.

लोवरीचा नवरा गेला तेव्हा सगळे घर दफनासाठी चॅपलला गेले, आणि परत आल्यावर तिने खपली फोडली तर आत नुसती राख. बाकीचे बैठकीच्या खोलीत हॅम आणि केक खात होते. लोवरीने दार लोटले, कोरड्या फांद्या आणल्या आणि काडी ओढली. पुढे सून घरात आली तेव्हा तिच्या हातात सळई देऊन म्हणाली, "हा कधी विझला नाही, मारगेद."

मग मारगेदची पाळी. एका हिवाळ्यात बर्फ माझ्या खिडक्यांपर्यंत चढला होता आणि घरातले सगळे तापाने पडले होते. ती उठून चुलीपाशी आली तेव्हा उशीर झाला होता. तिनेही काडीच ओढली. आणि मुलगी मोठी झाल्यावर, हातातले ओले फडके पिळत पिळत, मुलीने काही विचारलेले नसताना म्हणाली, "हा कधी विझला नाही, तेगवेन."

की त्या राखेत कुठे एखादा निखारा उरला असेल आणि त्या दोघींना तो दिसला नसेल? मी तो शोधायचा प्रयत्न केला होता. पण घराला स्वतःच्या चुलीत वाकून पाहता येत नाही.

तेगवेन ही मारगेदची मुलगी. तिला एक भाऊ होता, तो खाली गावात राहायला गेला. इकडे माणसाला घराचेच नाव चिकटते, म्हणून सगळ्या दरीत ती तेगवेन हावोद. तरुण असताना गेथिन नावाचा एक माणूस मोटारसायकलवरून तिला भेटायला यायचा. बंदराच्या गावात त्याला नोकरी होती. माझ्या दारात उभा राहून तो म्हणाला, "चल की. तिकडे गॅस आहे. बटण फिरवलं की पेटतो."

तेगवेन म्हणाली, "आणि बटण बंद केलं की विझतो."

"विझू दे की! परत पेटवायचा."

"तुला नाही कळायचं, गेथिन. आईनंतर हे माझ्याकडे आहे. माझ्या हातून विझला तर?"

तो आणखी थोडे दिवस आला, मग नाही आला. मला वाटले, ओरडून सांगावे. पण काय सांगणार होतो? तुझी आई खोटे बोलली? आणि खरे सांगतो, ती गेली असती तर मी रिकामा पडलो असतो. मी गप्प होतो, तो सांगता येत नव्हते म्हणून, की सांगायचे नव्हते म्हणून? हे काही मला ठरवता येत नाही.

मात्र एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो, आणि अशा गोष्टी माझ्याजवळ फार नाहीत. तेगवेनच्या हातात विस्तव होता तोवर तो खरेच एकदाही विझला नाही. सगळ्यांत तिनेच तो राखला.

ती म्हातारी झाली. भावाचा मुलगा ऐरविन आणि त्याची बायको नेरिस खाली गावात मेंढ्या सांभाळतात. ती दोघे दर रविवारी वर येत आणि तेच बोलणे होई.

"आत्या, आमच्या शेजारचा बंगला रिकामा आहे," ऐरविन म्हणे. "एकही पायरी नाही त्याला."

"मग पडायचं कुठून?" तेगवेन म्हणे.

नेरिस हसे. "आत्या, तुम्ही चेष्टा करा, पण यंदाचा हिवाळा तुम्ही इथे एकट्यानं काढणार कशा?"

"एकटी कुठे आहे? हा आहे ना," असे म्हणून ती सळईने चुलीकडे खूण करी. "बंगल्यात याला ठेवू कुठे, सूनबाई? फ्रीजमध्ये?"

पुढे मार्च महिन्यात, दारातल्या ओल्या पायरीवर ती घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. रुग्णवाहिकेत घालताना तिने ऐरविनची बाही धरली. दुखण्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "माती कमी घालू नकोस. आणि भोक करंगळीएवढं. करंगळीएवढंच."

"आत्या, तू आधी बरी हो."

"करंगळी माझी, तुझी नाही. तुझी म्हणजे मुसळ आहे."

ऐरविन सकाळ-संध्याकाळ येत राहिला. पण तो मेंढ्यांच्या विण्याचा हंगाम होता. एका आठवड्यात इतकी कोकरे अडली की त्याला झोप नव्हती. एक संध्याकाळ चुकली, मग सकाळ, मग पुढचे दोन-तीन दिवसही. तो नेरिसला घेऊन धावत वर आला, खपली फोडली आणि राखेत हात घातला. पार कोपरापर्यंत घातला. मग तसाच जमिनीवर बसला.

"गेला," तो म्हणाला. "इथेलपासून चालत आलेला, आणि माझ्या हातून."

नेरिसने त्याच्याकडे पाहिले, मग चुलीकडे. "रडणार आहेस की पेटवणार आहेस?"

"तिला काय सांगू?"

"आधी पेटव. सांगायचं मग बघू."

त्यांनी दुकानातल्या पांढऱ्या ज्वालाग्राही वड्या ठेवून चूल पेटवली आणि रॉकेलचा वास जावा म्हणून माझ्या सगळ्या खिडक्या उघडल्या. ऐरविन रात्रंदिवसाचा थकलेला, तरी बसून गोळे वळत राहिला. इतके वेडेवाकडे गोळे माझ्या चुलीने कधी पाहिले नव्हते. मला त्याला सांगायचे होते की पोरा, तू पहिला नाहीस. पण माझ्या धुराड्यातून नुसता धूर गेला.

काही दिवसांनी तेगवेन काठी टेकत घरी आली. विस्तव छान धगधगत होता. ऐरविन टोपी हातात चुरगाळत उभा राहिला.

"बघ, आत्या. तसाच आहे."

"दिसतोय," ती म्हणाली. "गोळे मात्र मेंढीनं वळल्यासारखे आहेत."

मग कोट काढून ठेवायला ती आपल्या झोपायच्या खोलीत गेली. त्या खोलीची एक भिंत म्हणजे चुलीची पाठ. लहानपणापासून ती त्या भिंतीला पाठ लावून निजायची. सवयीने तिने तळहात भिंतीवर ठेवला. भिंत गार होती. माझा दगड जाड आहे. समोर जाळ कितीही असला तरी ऊब त्याच्या पाठीपर्यंत झिरपायला आठवडेच्या आठवडे लागतात. खिडक्या उघडून वास घालवता येतो, भिंतीचे काय करणार? तिचा हात मला कळत होता आणि मला काही लपवता येत नव्हते.

ती बऱ्याच वेळाने बाहेर आली. ऐरविन पुढे झाला.

"आत्या, मला तुला एक—"

"हा कधी विझला नाही, ऐरविन," ती त्याला तोडत म्हणाली. "कुणी विचारलं तर असंच सांगायचं. कळलं?"

आणि ती थांबली. आपलेच बोलणे दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकावे तशी उभी राहिली.

"नेरिस," ती हळू म्हणाली, "माझी आई अगदी अश्शीच म्हणाली होती गं. हातातलं फडकं पिळत. मी तर काही विचारलंच नव्हतं. मग ती का सांगत होती?"

ती खुर्चीत बसली आणि विस्तवाकडे पाहत राहिली. मग तिचे खांदे हलू लागले.

"आत्या, रडू नका ना," नेरिस जवळ येत म्हणाली.

"रडत कुठे आहे? हसतेय मी. त्या बिचाऱ्याला मी मोटारसायकलसकट परत पाठवलं, याच्यापायी!" तिने डोळे पुसले. ती हसत होती की रडत होती? मी इतका जवळ होतो, तरी मला सांगता येणार नाही.

जरा वेळाने ती म्हणाली, "तुमच्या त्या बंगल्यात गरम पाणी लगेच येतं का रे?"

ऐरविनच्या हातातली टोपी खाली पडली.

उन्हाळा लागला तेव्हा ती बंगल्यात राहायला गेली. उन्हाळ्यात माझ्याकडे यायचे असते, हिने उलटेच केले. ऐरविन पत्र्याच्या बादलीत निखारे न्यायला निघाला होता. ती म्हणाली, "राहू दे. त्याला त्याच्या घरात निजू दे." त्या दिवशी तिने विस्तव लिंपला नाही. तो आपल्या मर्जीने जळला आणि आपल्या मर्जीने शांत झाला.

आता मी गार आहे. चुलीची पाठही गार आहे आणि धुराड्यात कावळ्यांनी काटक्या टाकल्या आहेत. जो विस्तव विझू नये म्हणून ती जन्मभर राहिली, तो तर तिच्या जन्माच्या आधीच विझला होता. आणि तो विझला हे कळल्यावर, चूल पेटलेली असताना, ती निघून गेली. यात कुठे काय चुकले, हे मी रोज जुळवून पाहतो. ती सुटली म्हणून मला आनंद व्हावा, की मी एकटा पडलो म्हणून वाईट वाटावे? सकाळी एक वाटते, दुपारी दुसरे. गावात मात्र तिला अजून तेगवेन हावोदच म्हणतात. कधीतरी नेरिस तिला गाडीतून वर आणते. ती त्या खोलीत जाते, भिंतीवर तळहात ठेवते आणि परत जाते.

तुमच्यापैकी कुणाला इथे यावेसे वाटले तर या. उन्हाळ्यापुरते आलात तरी चालेल, मी मुळात त्यासाठीच आहे. लोखंडी भांड्यात काही घेऊन चढण चढू नका. काडेपेटी पुरे. विस्तव कुठला, किती जुना, हे मी विचारणार नाही. आणि विझला तर, कृपा करून, घरातल्या सगळ्यांना सांगा.