हरवलेल्या पंधरा गोळ्या

शुक्रवार, २७ मार्च २०२६. पुण्यात कोरडं ऊन. सकाळी अकरालाच चटका बसत होता.

मी गोळ्यांची बाटली बोलतेय. एचआयव्हीच्या औषधाची. सरकारी केंद्रातल्या सिस्टरनी मला सत्यशीलाच्या हातात ठेवलं. तीस गोळ्या, रोज एक. बसस्टॉपवर पोचायच्या आत तिनं नखानं माझं लेबल खरवडलं. सगळ्याच बायका खरवडतात.

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या दोन खोल्यांत तिच्या नवऱ्यानं, वैजनाथनं, मला त्याच दुपारी उघडलं. "एक तुझी, एक माझी." आजार त्याच्याकडूनच तिला आला. पण केंद्राची रांग तिची, वहीवर नाव तिचं आणि चारित्र्यावरून शिव्याही तिलाच! त्याला रांगेत उभं राहायची लाज वाटते. बायकोच्या वाट्याची गोळी गिळायची वाटत नाही.

नवव्या दिवशी तिनं मला पदराखाली घट्ट धरलं. "अहो, मला पुरणार नाहीत." त्यानं मनगट पिरगाळून मला काढून घेतलं. मला हात नाहीत, याचा एवढा संताप कधी आला नव्हता.

११ एप्रिलला मी केंद्रात परत आले, रिकामी.

"तीस गोळ्या पंधरा दिवसांत?" सिस्टरनी विचारलं.

"हरवल्या."

तिच्या औषधाच्या वहीत 'निष्काळजी' लिहून त्यांनी माझ्यात पंधरा गोळ्या मोजून टाकल्या. निष्काळजी म्हणे!

बाकावर इंदुबाई होत्या. बारा वर्षं हेच औषध घेणाऱ्या, नव्या बायकांना सांभाळणाऱ्या. "माझ्याही हरवायच्या गं. मोठा उंदीर होता, पँट घालायचा." सत्यशीला हसली, मग रडतच बसली.

संध्याकाळी इंदुबाई आणखी तिघींना घेऊन मांजरीला आल्या. शेजारी काही कळू नये म्हणून हातात कुंकवाचा करंडा.

"काय काम आहे?" वैजनाथ दार अडवून उभा.

"चैत्रगौरीचं हळदीकुंकू. सत्यशीलाला नेतोय."

"परत कधी?"

"ते ती ठरवेल." इंदुबाईंनी आवाज खाली आणला. "आपणही सोमवारी केंद्रात या. पन्हं नाही मिळत, गोळ्या मिळतात."

त्यानं हात उगारला. चौघी जागच्या हलल्या नाहीत. सत्यशीला मला आणि वहीला पिशवीत टाकून बाहेर पडली.

सिस्टर, पुढच्या वेळी कुणी 'हरवल्या' म्हणालं, तर शेरा लिहिण्याआधी तिचं मनगट बघा.

शनिवार, २५ एप्रिल. सत्यशीला कर्वेनगरला इंदुबाईंकडे राहते. पंधरा दिवसांत तिनं पंधरा गोळ्या घेतल्या. वैजनाथनं केंद्रात नाव नोंदवलेलं नाही.