मानयूच्या नावाची पिशवी

“तुमच्या पिशवीनं माझ्या आईचा पाय भाजलाय!” फोन कानाला लावल्या लावल्या पलीकडचा माणूस ओरडला. “मानयू पेढीच ना ही? ऐकताय ना?”

लाय मानयूच्या दुसऱ्या हातात अर्धा किसलेला मुळा तसाच होता. तिनं तो परातीत ठेवला.

“पेढी बंद झाली,” ती म्हणाली. “पण मी मानयूच बोलतेय. सांगा.”

असे फोन तिला नवे नव्हते. कुणाच्या केटलीचं झाकण हरवलेलं असायचं, कुणाला पिशवीची खोळ कशी धुवायची ते विचारायचं असायचं. एकानं तर विजेवर तापणारी शेकायची पिशवी कुत्र्याच्या अंगाखाली ठेवली तर चालेल का, असं विचारलं होतं. तिला कंटाळा यायचा, तरी ती उत्तर द्यायची. बाहेरून आणलेल्या मालावर आणणाऱ्याचं नाव, पत्ता आणि फोन नंबर असलाच पाहिजे, असा नियम. पेढी घरातूनच चालायची, त्यामुळं नंबरही घरचाच होता.

नाव मात्र नवऱ्याचं नव्हतं. त्येनफूचं आधीचं दुकान बुडालेलं. त्याच्या नावावर पुन्हा काही उभं करायला कुणी तयार होईना, म्हणून पेढी बायकोच्या नावानं निघाली. त्येनफू समुद्रापलीकडून माल आणायचा आणि मानयू संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लेबलं चिकटवत बसायची. वस्तू कशाची, वीज किती लागते, कुठल्या देशात झाली, मुलांपासून दूर ठेवा, आणि सगळ्यांत खाली तिचं नाव. लेकीच्या लग्नपत्रिकेखेरीज तिचं नाव कुठं छापलं गेलं असेल तर ते तिथंच. “माल त्यांचा, धावपळ माझी, आणि बोलणी खाणार तू!” असं म्हणून त्येनफू हसायचा. तो गेला, तेव्हा तिनं कचेरीत जाऊन पेढी रीतसर बंद केली. पण लोकांच्या घरात गेलेल्या वस्तू काही बंद होत नाहीत.

“आईंना डॉक्टरांकडे नेलंत का?” तिनं विचारलं.

“नेलं नाही तर काय! परवापासून तेच तर चाललंय!”

“ती पिशवी टाकू नका, आणि पुन्हा लावूही नका. मी उद्या येते.”

भांडायची तयारी करून बसलेल्या माणसाला कुणी ‘येते’ म्हटलं की भांडण पुढं रेटता येत नाही. त्यानं आवाज उतरवून पत्ता सांगितला. फान ग्वांगलिन, जूदोंग, बाजाराच्या मागची गल्ली.

रात्री लेकीचा फोन आला, तेव्हा ती चिडलीच. “आई, पेढी बंद झाली म्हणायचं आणि ठेवून द्यायचा ना फोन! तू कशाला जातेस?”

“जाऊन येते,” मानयू म्हणाली. तिला वाद घालायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी घरून, म्हणजे फंगयुआनहून, शिनचूपर्यंत आगगाडीत बसायला जागा मिळाली. तिथून जूदोंगला जाणारी डोंगराकडची छोटी गाडी. थंडीची लाट आलेली होती आणि डब्यातली सगळी माणसं गळ्यापर्यंत गुंडाळून बसली होती. मांडीवर फानांना द्यायचा अननसाच्या वड्यांचा खोका घेऊन मानयू गुडघे चोळत राहिली. आपल्याच पिशवीनं भाजलं असेल तर काय म्हणायचं, याचा विचार तिनं करून पाहिला. वाक्य जुळेना, तसा तिनं नाद सोडला.

फानांच्या घरात म्हातारी खुर्चीत बसली होती. पोटरीला घोट्यापर्यंत पांढरी पट्टी होती.

“एवढ्या थंडीत आलीस?” वड्यांचा खोका हातात घेत म्हातारी म्हणाली. “जेवलीस का गं?”

“आई, तू गप्प बस!” ग्वांगलिन म्हणाला. तो पन्नाशीचा, दोन-तीन रात्री न झोपलेला माणूस होता. त्यानं प्लास्टिकच्या थैलीतून पिशवी काढून टेबलावर ठेवली. “घ्या. झोपेत फुटली. उकळतं पाणी सगळं पायावर! हे नाव तुमचंच ना?”

मानयूनं चष्मा लावला. लेबल तिचंच होतं. अक्षरं तीच, पत्ता तोच, फोन नंबर तोच. सरकारी तपासणीची खूणही होती. पाठ झालेल्या त्या ओळी तिनं बोट ठेवून वाचत नेल्या. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. तिनं पिशवी उलटी केली, शिवण पाहिली, वायर जोडायच्या तोंडात डोकावून पाहिलं.

“नाव माझं आहे,” ती हळूच म्हणाली. “पिशवी माझी नाही.”

“वाटलंच होतं मला! सगळे हेच म्हणतात.”

“हे बघा. ही गेल्या वर्षी केली असं लिहिलंय. माझी पेढी त्याच्या कितीतरी आधी बंद झाली. आमच्या पिशव्या तापल्या की आपोआप बंद व्हायच्या. हिच्यात ती सोयच नाही. कुणीतरी आमचं लेबल उतरवून घेतलंय.”

“मग आता मी कुणाला धरू?” ग्वांगलिनचा आवाज चढला. “फोन लावायला हा एकच नंबर होता माझ्याकडे!”

मानयू मान खाली घालून उभी राहिली. तो बोलत राहिला, तिनं ऐकून घेतलं. तो दमल्यावर तिनं विचारलं, “घेतली कुठून?”

“इथंच की,” म्हातारी म्हणाली. “बाजारात, मोज्यांच्या दुकानात. ती पोरगी फार गोड बोलते.”

मानयू एकटीच तिकडं पोचली, तेव्हा दुपारचा बाजार ओसरत आला होता. मोज्यांच्या टपरीवर चाळिशीची एक बाई ओरडून गिऱ्हाइकं बोलावत होती. मोज्यांच्या शेजारी पिशव्यांचा ढीग होता. गुलाबी, निळ्या, अस्वलाच्या चित्राच्या. प्रत्येकीवर मानयूचं नाव.

“या मावशी, या! गुडघे दुखतात ना? चालण्यावरूनच कळतं. पाच मिनिटं लावायची, रात्रभर ऊब!”

“फुटली तर?”

“फुटते कशी! रस्त्यावरचा माल नाही हा.” बाईनं पिशवी उलटी करून लेबलावर टिचकी मारली. “हे बघा, आणणाऱ्याचं नाव, पत्ता, सगळं आहे. लाय मानयू. चोर असती तर स्वतःचं नाव छापलं असतं का बाईनं? फोन नंबर पण आहे. थांबा, तुमच्यासमोरच लावते.”

तिनं खरंच मोबाइलवर नंबर लावला आणि तो मानयूच्या कानाशी धरला. फंगयुआनच्या रिकाम्या घरात घंटी वाजत होती.

“वाजतोय ना? म्हणजे नंबर खरा आहे. उचलत नाहीत, जेवायला गेले असतील.”

मानयूनं पर्स उघडून ओळखपत्र काढलं आणि मोज्यांवर ठेवलं. बाईनं ते वाचलं, मग लेबल वाचलं, मग पुन्हा ओळखपत्र.

“अगंबाई! म्हणजे हा माल तुम्हीच पाठवता?”

“नाही गं. तेच सांगायला आलेय.”

सगळं ऐकताना त्या बाईचा चेहरा उतरत गेला. पेंग तिचं आडनाव. माल एका गाडीवाल्यानं आणून दिला होता. तो कोण, कुठला, तिला ठाऊक नव्हतं. लेबल होतं, म्हणून तिनंही विचारलं नव्हतं.

“मी तपासणी खात्याला फोन करते,” मानयू म्हणाली.

“आणि मी आत्ता सगळं गुंडाळून निघून गेले तर?”

“तर जा. मी काही तुझा हात धरणार नाही. दमलेय मी.” मानयू स्टुलावर बसली. “पण जाताना मागच्या गल्लीत फानांकडे डोकावून जा. आजींचा पाय पट्टीत आहे.”

“फानांच्या आजी?” पेंग थांबली. “त्या तर नको नको म्हणत होत्या. मीच पिशवी हातात कोंबली त्यांच्या...”

मानयूनं फोन लावला, स्वतःचं नाव सांगितलं, लेबलावरची प्रत्येक ओळ वाचून दाखवली. पलीकडच्या साहेबांनी माणूस पाठवतो म्हटलं, तोवर एकही पिशवी विकली जाऊ देऊ नका म्हणून बजावलं. फोन संपला तेव्हा पेंग पिशव्या उचलून एका खोक्यात भरत होती. आधी तिनं त्या नुसत्या फेकल्या. मग एकेक रचायला लागली.

एक बाई थांबली, तिनं खोक्यातली निळी पिशवी उचलली. “ही केवढ्याला?”

“विकायची नाही ती,” मानयू म्हणाली.

“का? आणि तुम्ही कोण?”

मानयूनं लेबलावर बोट ठेवलं. “हे नाव माझं आहे.”

बाईनं लेबल पाहिलं, मग जाड कोटात गुरफटलेल्या ह्या म्हातारीकडे पाहिलं. तिला काही उमगलं नाही. पिशवी खाली ठेवून ती मोजे चाचपायला लागली, त्यातले दोन जोड घेऊन निघून गेली.

तपासणीचा माणूस अजून यायचा होता. पेंग शेजारच्या गाडीवरून गरम सूपचे दोन वाडगे घेऊन आली. एक तिनं मानयूपुढं सरकवला. मानयूनं तो लगेच तोंडाला लावला नाही. दोन्ही तळव्यांत धरून, पिशव्यांच्या खोक्यावर नजर ठेवून ती बसून राहिली.