टोमाश गावाला गेलाय

दारात पोलीस आला की कोलशेतच्या त्या कोळीवाड्यातली माणसं गावाला जातात. खरं तर कोणी कुठे जात नाही. खाडीकाठी सात पिढ्या काढलेल्या माणसाला दुसरं गाव आहे कुठे? पण रेतीच्या होड्यांवर धाडी पडायच्या त्या काळात बायकांच्या तोंडात हे उत्तर बसलं ते बसलंच. रमाबाई तर त्यात पटाईत. मासळी निवडता निवडता, मान वर न करता सांगायच्या की गावाला गेलाय, कधी येईल ठाऊक नाही.

मंगळवारी दुपारी दारात आलेल्या हवालदाराला त्यांनी तेच उत्तर टोमाशबद्दल दिलं आणि घोळ झाला.

टोमाश त्यांचा भाडेकरू, चेक देशाचा इंजिनिअर. औषधाच्या बाटल्या भरणारं नवं मशीन उभं करायला जवळच्या कारखान्याने त्याला बोलावून घेतलं होतं. टॉवरमधल्या सोसायट्यांनी एकट्या परदेशी पुरुषाला बघून नाकं मुरडली, तेव्हा रमाबाईंनी वरची खोली उघडून दिली. वर्षभरात गडी खाडीतल्या निवट्या मासळीचं कालवण भाकरीशी ओरपायला शिकला. पाण्याची मोटर बिघडली की कोणी सांगायच्या आत पाना घेऊन खाली उतरायचा. रमाबाईंना तो आवडायचा, आणि हे त्या चारचौघांत सांगायच्याही.

त्याचा इथे राहायचा परवाना शुक्रवारी संपत होता. तो वाढवून देण्याआधी माणूस दिलेल्या पत्त्यावर खरोखर राहतो का, हे बघायला पोलीस येतो. हे रमाबाईंना कोणी सांगितलं नव्हतं. टोमाश तेव्हा कामावर होता. हवालदाराने ऐकलं तेच कागदावर लिहिलं: सदर इसम या पत्त्यावर राहत नाही.

बुधवारी सकाळी संचिता धावतपळत आली. डोंबिवलीची ही मुलगी कारखान्यात परदेशी माणसांचे कागद सांभाळायची. तिने रिपोर्ट वाचून दाखवला आणि हे कोण बोललं असेल, असं विचारलं. रमाबाईंनी क्षणभर खाडीकडे पाहिलं.

"मीच बोलली."

संचिता कपाळाला हात लावून ओट्यावर बसली. "मावशी, शुक्रवारच्या आत हा रिपोर्ट बदलला नाही ना, तर टोमाशला देश सोडून जायला लागेल. मशीन अर्धवट पडलंय. आणि पत्ता खोटा दिला म्हणून त्याला परत येऊ देतील की नाही, तेपण माहीत नाही."

चूक आपली, आणि शिक्षा मात्र त्या बिचाऱ्याला. कंपनीच्या वकिलाने एक तोड काढली होती, ती संचिताने चाचरत सांगितली. म्हातारीला कमी ऐकू येतं, प्रश्न नीट कळला नाही, असं लिहून द्यायचं. प्रकरण तिथेच मिटेल.

"माजे कान शाबूत हायत," रमाबाई म्हणाल्या. "एक खोटा झाकाया दुसरा नको. चल बाय, मी येते."

त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, भाडेकरार ठेवलेली पिशवी घेतली आणि रिक्षात संचिताच्या आधी जाऊन बसल्या. पोलीस ठाण्याची पायरी रमाबाई जन्मात पहिल्यांदा चढत होत्या. तरी मान ताठ होती.

ठाण्यात दीप्ती मॅडम नावाच्या इन्स्पेक्टर होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि आवाज न चढवता समजावलं की पोलिसाला खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, आता जबाब फिरवलात तर तो तुमच्यावरच शेकू शकतो. संचिता मध्ये बोलायला गेली, तिला रमाबाईंनी हातानेच थांबवलं. मग टोमाश तिथे राहतो कशावरून, या मॅडमच्या प्रश्नाला त्यांनी करार पुढे केला आणि वर सांगायला लागल्या. टोमाश सहाला उठतो. चहात साखर घेत नाही. रविवारी आईशी फोनवर बोलतो आणि नंतर बराच वेळ गच्चीत एकटा बसतो. बोंबील खाताना अजून घाबरतो. मॅडमनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"आजी, एवढं सगळं माहीत होतं, तर त्याच्यासाठी खोटं का बोललात?"

"खोटा तर मी आळीतल्या कुनासाठी पन बोलते, मॅडम," रमाबाई म्हणाल्या. "खरा बोलाया कुनासाठी आली नव्हती. याच्यासाठी आली."

मॅडमनी जबाब त्यांच्यापुढे सरकवला. रमाबाईंनी शाळेत शिकलेली सही आठवून आठवून, एकेक अक्षर सुटं काढत, खाली पूर्ण नाव लिहिलं. त्याच संध्याकाळी हवालदार पत्त्याची खात्री करायला पुन्हा आळीत आला, आणि या वेळी रमाबाई दारात उभ्या राहून त्याची वाट बघत होत्या.