खिंडीअलीकडचे तीन पेले

बीर-तेलूच्या थांब्यावर चहा मी ओतते. सव्वीस वर्षं झाली. मिठाची वाट पुढे दोन विझलेल्या ताऱ्यांच्या मधल्या खिंडीतून जाते, आणि खिंडीअलीकडचा शेवटचा थांबा हा आमचा. इथे जहाजं बर्फ वितळवून पाणी भरून घेतात, माणसं दोन दिवस पाठ टेकतात आणि पुढे निघतात. पलीकडच्या सहा जगांत सगळं पिकतं, मीठ तेवढं नाही. ते नेलं नाही तर तिथली आधी जनावरं मरतात, मग माणसं. आमचे खापरपणजोबा पृथ्वीवर उंटांच्या पाठीवरून मिठाच्या लाद्या न्यायचे, आम्ही जहाजांतून नेतो. बाकी आमच्यात काडीचा फरक पडलेला नाही, आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान! माझा संपला. कसा संपला तेच सांगते.

आमच्याकडे आलेल्या माणसाला तीन पेले चहा दिल्याशिवाय बातमी विचारत नाहीत. तोही सांगत नाही. तोवर फक्त खुशाली. वाट कशी? बरी. पाणी कसं? बरं. घरचे कसे? बरे. घर जळून आलेला माणूससुद्धा ‘बरे’च म्हणतो. वाईट बातमी रेडिओवरून तर कोणी सांगतच नाही. ती समोर बसून, तोंडानं, तिसरा पेला खाली ठेवल्यावर. आणि हे तीन पेले म्हणजे तीन घोट नव्हेत. प्रत्येक वेळी चहा नव्याने उकळायचा, या पेल्यातून त्या पेल्यात उंचावरून ओतत फेस आणायचा. चांगली ओतणारी दीड तास घेते. मी चांगली ओतणारी होते.

तेकबेर माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि मी तेरा. तिच्या उवा मी काढल्या, तिला अक्षरं मी शिकवली, आणि ती तांडेल होऊन जहाज चालवणार म्हणाली तेव्हा दोन थोबाडीतही मीच दिल्या. उपयोग झाला नाही. चौतिसाव्या वर्षी ती मिठाच्या वाटेवरची सगळ्यात आडमुठी तांडेल होती. तिचा नवरा बूना दुसऱ्या जहाजावर. दोघांची गाठ वर्षातून तीनदा पडायची, तरी पोरगी भांडणं राखून ठेवायची त्याच्यासाठी.

त्या दिवशी सकाळी तिचं जहाज भरून तयार होतं. निघायच्या आधी ती माझ्याकडे आली, माझ्या डब्यातले खजूर न विचारता खिशात भरले.

“चोरटी,” मी म्हणाले.

“तुझेच संस्कार, ताई. बूना आठ दिवसांनी येईल. त्याला सांग, पलीकडे वाट बघतेय म्हणावं. आणि त्याला गोड चहा देऊ नकोस, पोट सुटलंय त्याचं.”

“तूच सांग ना. मी काय तुमची टपालवाली?”

ती हसली आणि गेली. मी दारापर्यंतही गेले नाही. मला भांडी घासायची होती.

अर्ध्या तासात खिंडीतून एक होडी बाहेर आली. एकट्या माणसाची, हलकी, खिंडीवर पलीकडून नजर ठेवणारे पहारेकरी वापरतात तसली. खिंडीतून रेडिओ जात नाही, त्यामुळे पलीकडचं काही कळवायचं तर माणूसच यावा लागतो. होडी धक्क्याला लागली आणि सिदाती उतरला. चाळिशीचा, पहारेकऱ्यांतला जुना माणूस. चेहरा राखेसारखा.

थांब्याचे म्हातारे देद्दाकाका पुढे झाले, त्याचा हात धरून त्याला चटईवर बसवला. मी शेगडी पेटवली.

“वाट कशी, सिदाती?”

“बरी.”

“पहाऱ्यावरचे सगळे?”

“बरे.”

“बायको-पोरं?”

“बरी आहेत, काका.” आणि मग माझ्याकडे बघून, “ताई, तुमच्याकडे पाणी लवकर उकळतं का?”

मला राग आला. पाहुण्यानं चहाची घाई करायची म्हणजे यजमानाच्या तोंडावर ‘लवकर आटपा’ म्हणण्यासारखं. “पाणी त्याच्या वेळेनं उकळतं, भाऊ,” मी म्हणाले. “तुमच्या पहाऱ्यावर वेगळं उकळत असेल तर ठाऊक नाही.”

देद्दाकाका हसले. सिदाती हसला नाही.

पहिला पेला मी त्याच्या हातात दिला. फुंकर न मारता त्यानं तो एका घोटात रिकामा केला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. हावरट मेला, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. तेकबेर. तिनं दोर सोडले होते, तासाभरात खिंडीच्या तोंडाशी पोचणार होती.

“देद्दाकाका, होडी आलेली दिसली. कोण आहे? वाट कशी म्हणतो?”

“सिदाती आहे. बरी म्हणतो. पहिलाच पेला झालाय.”

तेकबेर तांडेल होती, मूर्ख नव्हती. पहारेकरी उगाच खिंड ओलांडत नाहीत. “ताई,” ती म्हणाली, “तिसऱ्यापर्यंत थांबू का मी बाहेर?”

आता हे ऐका. कोणाची बातमी यायची म्हणून थांबून राहणं आमच्यात अपशकुन. थांबलात म्हणजे ती वाईटच असणार असं धरून चाललात, म्हणजे तुम्हीच ती ओढवून घेतलीत. शिवाय पाहुणा समोर बसलेला. त्यानं ‘बरी’ म्हटलंय आणि माझी बहीण त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, हे सगळ्यांनी ऐकलं. मला लाज वाटली. मला खरंच तिची लाज वाटली.

“थांबतेस कशाला?” मी म्हणाले. “पाहुण्यांनी वाट बरी सांगितलीय. शोभा करू नकोस. नीघ.”

“बरं बाई, ओरडू नकोस.” आणि तिनं रेडिओ बंद केला.

मी सिदातीकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. देद्दाकाकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, मायेनं. “सावकाश, बाळा. दमून आलायस.” आणि सिदाती गप्प बसला. पन्नास पिढ्या त्याच्या छातीवर बसल्या होत्या. त्या उठवून बोलणं त्याला जमलं नाही, आणि मी त्याला नावं ठेवत असले तरी मलाही जमलं नसतं.

दुसरा पेलाही त्यानं तसाच संपवला. लगेच हात पुढे केला. रिकामा पेला असा माझ्या नाकासमोर धरून!

माझं डोकं फिरलं. याला शिकवते, म्हटलं. तिसऱ्या पेल्याला मी पुदिना नव्याने धुतला. एकेक पान. साखरेची ढेप फोडायला छोटी हातोडी शोधली, ती समोरच होती. पाणी उकळलं तेव्हा शेगडी बारीक करून पुन्हा उकळवलं. फेस आला होता, तरी ओतत राहिले, वरून खाली, खालून वर. देद्दाकाका कौतुकानं बघत होते. सिदाती माझ्या हातांकडे बघत होता. त्याच्या कपाळावरून घामाची धार लागली होती आणि मला त्याचं बरं वाटत होतं. तिसऱ्या पेल्याला मी पाऊण तास लावला.

त्यानं तो घेतला, प्यायला, चटईवर ठेवला.

“खिंड पेटतेय,” तो म्हणाला. “मी निघालो तेव्हा पलीकडच्या ताऱ्यावर पुन्हा भडकायच्या खुणा दिसायला लागल्या होत्या. आता कधीही. कोणालाही आत सोडू नका.”

मी रेडिओवर झेप घेतली. तिला हाक मारली. नावानं, लाडाच्या नावानं, शिव्या देऊन. देद्दाकाकांनी खिंडीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रावर पाहिलं. तेकबेरचं जहाज सहा मिनिटांपूर्वी खिंडीत शिरलं होतं. आत गेलेल्या जहाजापर्यंत आवाज पोचत नाही, आणि भरलेलं जहाज त्या दोन ताऱ्यांच्या खेचेतून मागे फिरत नाही.

अकरा मिनिटांनी यंत्राचा काटा टोकाला जाऊन आदळला आणि तिथंच राहिला. खिडकीतून काहीच दिसलं नाही. तेकबेर आणि तिची पाच माणसं.

दोन दिवसांनी थांब्यावरची सगळी जाणती माणसं बसली. दोष कोणाचा हे बघायला. अर्ध्या तासात ठरलं, कोणाचाच नाही. सिदाती रीतीनं वागला. देद्दाकाका रीतीनं वागले. “आणि सल्कानं,” एक म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, “असा तिसरा पेला ओतला म्हणतात, की पाहुण्याचा मान राहिला.” माना डोलल्या. कोणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात चावावासा वाटला मला.

बाहेर मी सिदातीला गाठलं. “तोंड होतं ना तुला?”

“ताई, होईल तेवढी घाई केली,” तो म्हणाला आणि त्यानं तोंड उघडून दाखवलं. जिभेवर, टाळूला फोड आले होते. “रीत न मोडता जेवढी करता येते तेवढी.” मग खाली बघून म्हणाला, “तिसऱ्याला फार वेळ लागला.”

मी मुद्दाम उशीर लावला हे त्याला माहीत होतं. तो कोणालाच बोलला नाही. त्यानं बोलायला हवं होतं.

मी शेगडी विझवली आणि जाहीर सांगितलं, आता मी ओतणार नाही. आणि ज्याला जी बातमी सांगायची ती मी दारातच सांगेन. देद्दाकाका म्हणाले, “दुःखात बोलतेय, बोलू द्या.”

आठव्या दिवशी बूनाचं जहाज लागलं. त्याला काहीच कळलेलं नव्हतं. रेडिओवरून कोण सांगणार? धक्क्यावर सगळे जमले होते, नवे कपडे घालून, चेहरे पुसून. चटई अंथरली होती. बूना उतरला, खरंच पोट सुटलेला, काखेत कसलंतरी गाठोडं. देद्दाकाका त्याचा हात धरायला पुढे झाले, तोच मी त्यांना बाजूला सारून त्याच्यासमोर उभी राहिले.

“बूना, तेकबेर गेली,” मी म्हणाले. “खिंड पेटली. जाऊ नको म्हणायच्या ऐवजी मी तिला जा म्हणाले. पाहुणा बसला होता आणि मी मुद्दाम चहाला उशीर लावत होते.”

बूना माझ्याकडे बघत राहिला. तो मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“दीड तास,” तो अगदी हळू म्हणाला. “दीड तास मिळाला असता मला, ताई. चटईवर बसलो असतो, आणि ती जिवंत असती. तेवढाही ठेवला नाहीस?”

तो माझ्या बाजूनं पुढे गेला, जोडे काढले, चटईवर मांडी घालून बसला. गाठोडं मांडीवर घेतलं. देद्दाकाका त्याच्यासमोर बसले. कोणीतरी शेगडी पेटवून माझ्यापुढे आणून ठेवली. इतक्या लोकांत ओतणारी मी एकटीच.

“वाट कशी, बूना?” देद्दाकाकांनी विचारलं.

“बरी.”

“पाणी?”

“बरं.” मग त्यानं मान वळवली. डोळे भरून वाहत होते, आवाज मात्र साधा होता, घरी आल्यावर विचारतात तसा. “सल्काताई, आमची तेकबेर कशी आहे?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पाणी ठेवलं.

“बरी आहे,” मी म्हणाले.